उंबऱ्याबाहेरचं बाळ

अमरावती, ता. ६ डिसेंबर १९४८

ती. सौ. चारुताईस रमाचा कृ. शि. सा. नमस्कार वि. वि.

घरी सर्व क्षेम, माझंच डोकं ठिकाणावर नाही. निर्वासितांच्या छावणीत आमच्या महिला मंडळाची जी सेवा चालते, तिची मला किळस आली आहे. सिंधहून आलेली शकुन नावाची बाळंतीण आहे. धुरीसाठी शेगडी पेटवून दार लोटलं, की ती मुलीला उचलून उंबऱ्याबाहेर गार फरशीवर टाकते आणि आपण कोपऱ्यात थरथरत बसते. पार्बताबाई सुईण म्हणते, हिले बाहेरचं लागलं, धुरी वाढवा. अध्यक्ष माणिकबाईंचं म्हणणं, आईला मायाच नाही, रविवारी मूल अनाथाश्रमात धाडू. हे सांगताना चिवडा खात होत्या! तू इस्पितळात नर्स आहेस, काही सुचव.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी रमा

अकोला, ता. ८ डिसेंबर १९४८

चि. सौ. रमास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून त्या चिवड्याचा वास जाईना. अगं, ती मुलीला टाकते की ठेवते, हे नीट पाहिलंस का? तिकडे काय सोसलं, हे कुणी विचारलं? भूत उतरवायला सगळ्या पुढे! बाळंतिणी मनाने खचतात, हे मी इथे पुष्कळ पाहते. ही तर जीव घेऊन पळालेली. शेगडी बाहेर काढ, दार उघडं ठेव. मूल तिच्याजवळ आणि तू दोघींजवळ. बोलली नाही तरी बसून राहा. लहानपणी तुझ्या हट्टाने मला जेरीस आणलंस, आता तो कामी आण.

तुझी ताई

अमरावती, ता. १४ डिसेंबर १९४८

ती. सौ. ताईस कृ. शि. सा. नमस्कार वि. वि.

शेगडी नालीत उपडी केली. पुष्कळ बसल्यावर शकुन बोलली. तिकडे घर पेटवलं तेव्हा धुरात तिला दार सापडलं नाही, थोरली मुलगी आतच राहिली. म्हणून धूर दिसला की हिला आधी बाहेर ठेवते. आणि तिच्यापुढे रोज निखारे फुलवायचे, याला सेवा म्हणायचं!

रविवारी माणिकबाई टांगा घेऊन आल्या. मी दारातून हलले नाही. काल बैठकीत त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या अंगाऱ्याने भूत उतरलं. टाळ्या पडल्या, ताई! मी तिथूनच उठले. मंडळ सोडलं.

शकुन अजून जेवता जेवता रडते. मी रोज जाते. आज फार गारठा होता. तिने आपणहून उठून दार लोटून घेतलं. मुलगी आतच होती.

अशीच रागावत जा, म्हणजे माया कळते.

तुझी रमा