लाईट आल्याची खूण

प्रिय नेरिओ,

सांतियागोहून फोनवर तू सांगितलंस तसं सगळं केलं बरं का. फ्यूज बघितला, शाबूत होता. स्पीकरच्या वायरी सोडवून तुझा रेडिओ-रिसीव्हर चालू केला, तरी आत टक् वाजलं, लाल दिवा लुकलुकला आणि स्वारी पुन्हा गप्प. "मग बिघाड आतच आहे, ताई," असं ऐटीत म्हणालास. वा रे इंजिनिअर! धूर निघालेल्या डब्यात बिघाड आत नाही तर काय शेजारी असणार?

इथे माराकाइबोत लाईट गेली की शेंबडं पोरसुद्धा आधी घरातले सगळे प्लग उपटतं, कारण येताना ती कशी अंगावर येईल याचा नेम नाही. तुझा रिसीव्हर तेवढा आई उपटू द्यायची नाही. जाताना तूच सांगून गेलास ना, "आई, हा चालूच ठेव. गाणं लागलं की समज लाईट आली. मीही असाच येईन एक दिवस, न सांगता." मी हात लावला की ती ओरडायची, "योलेइदा, त्याच्या वस्तूला हात लावू नकोस!" औषधपाणी मी करायचं, पाणी मी भरायचं आणि वस्तू तुझी! सीमेपलीकडे बार्रांकीयाला माझ्या मुलीकडे राहायला चल म्हणून किती विनवलं. पण नाही, तू आलास तर तुला दार बंद दिसेल ना.

चिनिता मातेच्या जत्रेच्या तोंडावर लाईट दुप्पट जोराने आली. आईने जळता प्लग हाताने ओढला, बोटं भाजून घेतली. फोनवर तू रिसीव्हरची चौकशी केलीस. बोटांची नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

शेवटी शेजारच्या एउदोकाकांनी तो उघडला. जळालेले दोन ट्रान्झिस्टर काढून भंगारातल्या सेटचे बसवले. आधी वायरीच्या मधोमध एक बल्ब जोडून बघितलं; आत अजून शॉर्ट असेल तर तो भगभगतो म्हणे. बल्ब भगभगला नाही, तेव्हा म्हणाले, "लाव आता सरळ."

काल तो वाजला. जत्रेची गाणी लागली आणि आई दाराकडे बघत बसली. एक गाणं संपलं, दुसरं संपलं. मग म्हणाली, "काढ गं ती वायर. लाईट येते, तो काही येत नाही."

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी आईला घेऊन बार्रांकीयाला निघतेय. रिसीव्हर एउदोकाकांना दिला, घराची किल्लीही त्यांच्याकडेच असेल. डिसेंबरात येतो असं तिला पुन्हा सांगू नकोस. आलासच, तर किल्ली मागून घे. आत कोणी नसेल.

तुझीच, अजूनही,
योलेइदाताई