गोलपोस्टच्या मागची जागा

अण्णा, आपला संघ यंदा बाद फेरीत पोहोचला नाही. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच बरोबरीत सुटली आणि सीझन तिथंच संपला. ‘आपला’ असं लिहून गेले खरी, पण हा संघ तुम्ही पाहिलेलाच नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तो निघाला. तुमच्या वेळी बंगळूरचा फुटबॉल म्हणजे कारखान्यांच्या टीमा. पाळी संपवून मैदानात उतरणारे फिटर आणि कारकून, बाजूला सायकलींची रांग, आणि हाफटाइमला लिंबाच्या फोडी. आता खेळाडू वर्षाच्या करारावर येतात, कुणी ब्राझीलचा, कुणी मिझोरामचा, आणि आमच्या के. आर. पुरमपासून थेट स्टेडियमजवळ मेट्रो जाते. तुम्हाला ती आवडली असती. पेटेतल्या आपल्या शिलाईच्या दुकानातून मैदानावर वेळेत पोहोचायला तुम्ही बसमागून कसे धावत होता, ते मला आठवतं.

सुरुवात इतकी छान झाली होती, काय सांगू. पहिले कितीतरी सामने आम्ही घरी हरलोच नाही. आमचा कप्तान आता म्हातारा झालाय, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबानं. गुडघ्याला पट्टी बांधून खेळतो आणि वळताना आधी मान वळवतो, मग उरलेला तो वळतो. पण पास असा देतो की समोरच्याला फक्त पाय पुढे करायचा असतो. मग मधेच परदेशी स्ट्रायकर दुखापत होऊन घरी गेला आणि सगळं विस्कटलं. ओळीनं तीन मॅचेस आम्ही शेवटच्या पाच मिनिटांत घालवल्या. मी एकही चुकवली नाही. बरोबर वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी असते. नागपूरची आहे, मारतहळ्ळीला कंपनीत काम करते. आधी ती फक्त क्रिकेट बघायची. मी एकदा नेलं, तेव्हापासून तीच माझ्याआधी तिकिटं काढून ठेवते. ‘ताई, बिहाइंड द गोलच घेतली हां, तुम्हाला तिथलीच लागतात ना,’ म्हणते. मला तिथलीच लागतात. का, ते तिनं कधी विचारलं नाही.

सीझनच्या मध्यावर एक मॅच झाली, तिच्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. आमच्या पोराला त्यांच्या बॅकनं पेनल्टी बॉक्समध्ये सरळ पाडलं, निदान आमच्या जागेवरून तसंच दिसलं, आणि रेफरीनं खेळ चालू ठेवला. सगळं स्टँड उठलं. मीही उठले आणि ओरडले, ‘कण्णु इल्वा निनगे? डोळे नाहीत का तुला?’ एकदा नाही, तीनदा. नागपूरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. ‘ताई, तुम्ही पण?’ एरवी मी गप्प बसून बघणारी बाई. तेवढ्यात खेळ थांबला आणि आमचे पाच-सहा खेळाडू त्या रेफरीभोवती जमले. तो मागे सरला नाही. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि मान किंचित खाली घालून ऐकत उभा राहिला. मी खाली बसले. पुढची दहा मिनिटं मैदानावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

तुम्ही तसेच उभे राहायचात. मी विचारलं होतं एकदा, हात मागे का बांधता म्हणून. शिलाई मशीनवरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, ‘हात पुढे असले की कुणाला तरी वाटतं, रेफरीनं ढकललं. मागे असले की वादच नाही.’ तुमचा काळा शर्ट तुम्ही स्वतः शिवला होता. छातीवर दोन खिसे, एकात कार्डं, एकात वही. दुकानात गिऱ्हाइकाला उशीर झाला तर स्वल्प थांबा म्हणायचात, पण शनिवारी तीन वाजले की अर्धी बाही मशीनखाली तशीच सोडून उठायचात. आई म्हणायची, ‘ह्या माणसाला शिव्या खायची हौस आहे.’ ते काही अगदीच खोटं नव्हतं. आठवडाभर तुम्ही लोकांची मापं घ्यायचात, ते म्हणतील तसं कापायचात. त्या नव्वद मिनिटांत मात्र तुम्ही म्हणाल तसं व्हायचं.

मी बारा वर्षांची असताना दुसऱ्याच एका रेफरीला मी शेजारच्यांचं ऐकून काहीतरी घाण बोलले, आणि ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मारलं नाही, रागावलाही नाहीत. पुढच्या रविवारी सरावाच्या मॅचला मला नेलंत, हातात लाइन्समनचा झेंडा दिलात आणि म्हणालात, ‘दहा मिनिटं. ऑफसाइड झाला तर वर करायचा. बाकी काही नाही.’ चौथ्या मिनिटाला मी झेंडा वर केला, तर इकडचे वीस बाप्ये ओरडले. मग खाली केला, तर तिकडचे ओरडले. मी झेंडा टाकला आणि रडायला लागले. तुम्ही धावत आलात, झेंडा उचललात, त्याची माती झटकलीत आणि म्हणालात, ‘सरी, ठीक आहे. आता बस जाऊन.’ एवढंच. त्या दिवसापासून मी कुठल्याही रेफरीला कधी बोलले नव्हते. यंदापर्यंत.

आता त्या फायनलचं लिहिते. तुम्हाला मिळालेली ती सगळ्यात मोठी मॅच होती. दोन कारखान्यांमधली, आणि दोन्हीकडचे कामगार बायका-मुलांसकट आलेले. मी पंधरा वर्षांची. गर्दीत बसायला जागा नव्हती म्हणून मी गोलपोस्टच्या मागे गवतावर बसले होते, जाळीपासून चार हातांवर. मॅच संपत आली होती. उजवीकडून फटका आला, वरच्या बारला लागला, खाली पडला आणि गोलकीपरनं तो झडप घालून ओढला. तुम्ही लांब होतात. लाइन्समन धावताना घसरून पडला होता. तुम्ही क्षणभर थांबलात, मग शिट्टी वाजवलीत आणि हात मधल्या रेषेकडे केलात. गोल.

त्यानंतर लोक मैदानात घुसले. मला आठवतात त्या तुमच्याकडे धावणाऱ्या पाठी. तुम्ही तेव्हाही हात मागेच बांधून उभे होता, आणि मग दिसेनासे झालात. दोन पोलिसांनी तुम्हाला ओढून बाहेर काढलं तेव्हा शर्टाची बाही खांद्यापासून सुटून लोंबत होती आणि कानामागून रक्त येत होतं. घरी येताना बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मी तुमचा हात धरला, तो तुम्ही सोडवून घेतला नाहीत, आणि धरलाही नाहीत.

तीन दिवस दुकान बंद होतं. चौथ्या दिवशी सकाळी आई तव्यावर अक्की रोट्टी थापत होती, तुम्ही भिंतीला टेकून खाली बसला होता आणि तो फाटका शर्ट मांडीवर होता. अख्ख्या पेटेचे शर्ट शिवणाऱ्या माणसानं तो तीन दिवस तसाच ठेवला होता. लीगच्या मंडळींचा निरोप आला होता, की नजरचूक झाली असं दोन ओळींत लिहून द्या, महिनाभरानं पुन्हा मॅचेस देऊ. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

‘तू मागेच बसली होतीस ना?’

‘हो.’

‘चेंडू आत गेला होता?’

आईचा हात तव्यावर थांबला. तुमचे डोळे तीन दिवस न झोपल्यासारखे होते. मी म्हटलं, ‘हो अण्णा. चांगला हातभर आत होता.’

चेंडू रेषेवर पडला होता. चुन्याचा फुफाटा उडालेला मी पाहिला होता. आत गेला नव्हता, बोटभरही नाही. माझ्याइतकं जवळून ते कुणीच पाहिलं नव्हतं, गोलकीपर सोडला तर, आणि त्याचं कोण ऐकणार होतं.

तुम्ही आईकडे सुई मागितलीत आणि बाही जोडायला बसलात. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवलं. संध्याकाळी तुम्ही मंडळींकडे जाऊन सांगून आलात, की चूक झालेलीच नाही, मी लिहून देणार नाही. त्यांनी पुन्हा निरोप पाठवला, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. त्यानंतर तुम्हाला मॅच मिळाली नाही. आधी त्या वर्षी, मग कधीच नाही. शनिवारी तीन वाजता तुम्ही मशीनवरच बसलेले असायचात, आणि मी शाळेतून येताना दुकानासमोरून जायचं टाळायचे.

मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्या दोन ओळी लिहून दिल्या असत्या. मला खात्री आहे. चूक कबूल करायला तुम्ही कधी लाजला नाहीत. एखादी कॉलर वाकडी बसली तर गिऱ्हाइकानं बोलायच्या आधीच उसवायला घ्यायचात. महिन्याभरात परत मैदानावर गेला असता, अजून दहा वर्षं धावला असता. शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलातून घरी आणल्यावर, तुम्ही मला म्हणालात, ‘त्या दिवशी तू नसतीस तर मी चूक मानली असती. सगळे म्हणत होते, मलाही वाटायला लागलं होतं. तू पाहिलंस म्हणून मी ताठ राहिलो.’ आणि माझ्या हातावर थोपटलंत. तेव्हा सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. मी उशी सरळ केली आणि पाणी हवं का विचारलं.

तर आमची शेवटची मॅच. जिंकलो तरच बाद फेरी, आणि एक-एक अशी बरोबरी. अगदी शेवटी म्हाताऱ्या कप्तानानं दोन बॅकच्या मधून चेंडू सोडला आणि आमच्या डाव्या बाजूच्या पोरानं तो जाळीत मारला. सगळं स्टँड एकमेकांच्या गळ्यात पडलं. मग दिसलं, लाइन्समनचा झेंडा वर होता. ऑफसाइड. रेफरीनं हात वर केला आणि गोल रद्द झाला. दोन मिनिटांत मॅच संपली. कप्तान मैदानात तसाच बसून राहिला, त्याची ही बहुतेक शेवटची. लोक रडत होते, शिव्या देत होते, बाटल्या फेकत होते. नागपूरच्या मुलीनं फोन माझ्यासमोर धरला.

‘ताई, बघा. हे बघा ना. क्लिअर ऑनसाइड आहे. किती क्लिअर आहे.’

खरंच होता. त्यांचा बॅक आमच्या पोराच्या पुढे उभा होता, शेंबड्या पोरालाही दिसेल इतका. तिनं तीनदा दाखवलं.

‘ह्या रेफरीला सस्पेंड केलं पाहिजे,’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

‘त्यालाही आता कुणीतरी दाखवेल,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘हेच. घरी गेल्यावर दाखवेल कुणीतरी.’

‘मग काय होणार ताई? आपली मॅच परत मिळणार आहे का?’

‘नाही. पण त्याला कळेल.’

ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. रेफरी आणि दोघे लाइन्समन पोलिसांच्या मधून आत जात होते, आमच्याच गोलपोस्टच्या बाजूनं. सगळे उभे राहून ओरडत होते. मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. निदान दोन. संघ बाहेर पडला म्हणून मलाही रडू येत होतं, राग येत होता, आणि तरी वाटलं. पण हात उचलले नाहीत, अण्णा. चारी बाजूंनी माणसं होती, काय म्हणाली असती. मी नुसती गप्प उभी राहिले. तेवढंच जमलं.

हे लिहून झालं की तुमच्या फोटोच्या मागे ठेवावं, असं मनात होतं. पण आई रोज सकाळी तिथं बसते, फोटो पुसते, आणि चष्मा लावून हाताला येईल ते वाचते. तिची नजर अजून चांगली आहे. घरी नवं कुणी आलं की ती त्या फायनलची गोष्ट सांगते, तुम्ही कसे कुणाला बधला नाहीत ते. नागपूरच्या मुलीलाही सांगून झालीय. सांगताना शेवटी माझ्याकडे बोट दाखवते, आणि मी मान हलवते. म्हणून हे कागद कपाटात साड्यांच्या खाली जातील. मघाशी ती भिंत धरत आली आणि म्हणाली, ‘सकाळपासून काय लिहायलीस ग एवढं?’

मी म्हटलं, ‘काही नाही ग. मॅचचं.’