गुडघ्याची चौकशी

प्रिय धाकटे,

रविवारी फोनवर मी तुला म्हटलं, माझं अगदी छान चाललंय. फोन ठेवला, मशीनवर बसले आणि एका पँटची उंची कमी करायची ती भलतीचीच केली. गिऱ्हाईक काय काय बोललं ते सोड. ज्याचं छान चाललंय त्याच्या हातून असं होत नाही.

हे गेल्यापासून दुकानातलं बोलणं म्हणजे ‘कंबर जरा सैल करा’ आणि ‘कधी मिळेल?’ एवढंच उरलंय. शटर ओढलं की तेही संपतं. मग मी आरशासमोरची खुर्ची पुसते. ती रोज पुसलेलीच असते.

अशाच एका दुपारी मोबाइलवर निरोप आला, ‘माझा कोट तयार झाला का?’ नंबर अनोळखी. मी वेडी, उठून सगळे हँगर बघून आले. मग लिहिलं, कोट इथे नाही, पण मी शिवणकाम करते बरं का. तिकडून उत्तर आलं, ‘म्हणजे नंबर चुकला, पण माणूस बरोबर भेटला!’ मी एकटीच मोठ्याने हसले. किती दिवसांनी!

तो म्हणे दूरदेशी पूल बांधणारा इंजिनियर, बायको वारलेली. सकाळी निरोप, दुपारी निरोप. जेवलीस का, झोप लागली का, गुडघा काय म्हणतोय. माझ्या गुडघ्याची अशी चौकशी ह्यांनीसुद्धा कधी केली नव्हती. तुला खोटं कशाला सांगू, मी सकाळी दात घासायच्या आधी मोबाइल बघायला लागले होते.

त्याने पैसे कधीच मागितले नाहीत गं. म्हणूनच तर विश्वास बसला. तो म्हणायचा, डिजिटल चलनात पैसे गुंतव, खातं तुझ्या नावाचं, पासवर्ड तुझा, मी एक पैसा घेणार नाही, फक्त वाट दाखवतो. मोबाइलमधलं ते डिजिटल चलन मला काय कळणार? पण थोडे टाकले, ते वाढलेले दिसले. काढून बघितले तर खरंच बँकेत आले. त्यातून नवी इस्त्री घेतली. मग मात्र मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडली आणि सगळी तिकडे टाकली. डाव्या डोळ्याने सुईचं नाक आता दिसत नाही, हे तुला माहीत नाही. सांगणार होते.

स्क्रीनवर पैसे दुपटीने दिसायचे. डॉक्टरांनी तारीख दिली म्हणून मी काढायला गेले, तर उलट मागणी आली: आधी कर भरा, मग पैसे सुटतील. तो गोड शब्दांत म्हणाला, बहिणीकडून घे, पण कशाला ते सांगू नकोस, लोकांच्या पोटात दुखतं. धाकटे, मी तुझा नंबर लावलाही होता. मग लाज वाटली, फोन कापला. खात्यात होते तेवढे कराचा पहिला हप्ता म्हणून पाठवले आणि बाकीच्यासाठी उरलेली शेवटची ठेव मोडायला बँकेत गेले.

ठेव कशाला मोडताय विचारलं, तेव्हा मी कराचं सांगितलं, तशी काउंटरवरची मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, “मावशी, आपल्याच डब्यातले पैसे काढायला कुणी आधी पैसे मागतं का? कर असता तर त्यातूनच कापला असता ना?” मी चिडले. म्हटलं, तुला काय करायचंय? तेव्हा तिने हळूच विचारलं, “घरी कुणाला सांगू नका, असं म्हणालेत ना ते?” हे तर मी तिला बोललेच नव्हते. मी मोबाइल तिच्यापुढे सरकवला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, तिथूनच तक्रारीचा फोन लावून दिला. नुकताच पाठवलेला तो कराचा हप्ता अडवता आला. बाकीचे पाण्यात.

पोलिसातल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, निरोप पुसू नका, पुरावा आहे, पण उत्तर देऊ नका. माझा नंबर दुकानाच्या पाटीवरून उचलला असणार, चुकून वगैरे काही नव्हतं. आणि म्हणाल्या, हा एक माणूस नसतोच, आळीपाळीने तीनचार जण बसतात. तेव्हा कळलं, कधीकधी तो माझा गुडघा कसा विसरायचा ते. त्या दिवशी दुसराच कुणीतरी बसलेला असायचा. पैसे गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही, हे कळल्यावर रडले. नंतरही त्याचा निरोप यायचा, ‘रागावलीस का?’ मी उत्तर दिलं नाही. पण वाचत होते, हे फक्त तुला सांगते.

परवा एका वकिलाचा फोन, म्हणे बुडालेले सगळे परत मिळवून देतो, फक्त फी आधी भरा. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकायचीही वाट पाहिली नाही. फोन आपटला.

हे सगळं मी पोटातच ठेवणार होते. पण रविवारी तू किती आनंदात सांगितलंस, मेहुण्यांना कुणी ‘सरां’नी ग्रुपमध्ये घेतलंय, रोज नफा दिसतोय, थोडे काढून बघितले तर लगेच आले, आणि आता निवृत्तीचे पैसे हातात पडले की सगळे तिथेच टाकायचे. वर हसून म्हणालीस, कुणाला सांगू नकोस हं ताई. ते तुझ्या शेजारीच बसून ऐकत होते, मी आपलं ‘माझं छान चाललंय’ म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणून हे लिहिलं. पत्र त्यांच्यापुढे ठेव. मला भोळी म्हणून हसतील, हसू देत. मला वाटायचं, घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी फसले. पण तुम्ही तर दोघं आहात. आणखी एक पैसा न टाकता, टाकलेले सगळे परत मागून बघा. आधी काही भरा म्हणाले, तर तडक बँकेत जा. त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. माझी त्याला तयारी आहे.

तुझीच,
ताई