आत्याचं सोवळं आणि पाणी न धरणारी काच

१२ जाने. ५६, गुरु.
पोंगलच्या सणानंतर मद्रासचे प्रोफेसर कॉलेजात येणार. पाणी न धरणारा लेप दाखवला तर संशोधनाची जागा, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुणं. नानांचा होकार आहे. आत्याचा नाही. ‘एकटी पोर मद्रासाला? नको गे.’ आईमागे तिनंच वाढवलं, तिला दुखवून कशी जाऊ?
काचेवरचा आजचा पॉलिथीनचा लेप आरशासारखा गुळगुळीत. पाणी त्यावर जेवलेल्या पाहुण्यासारखं पसरून बसलं.

१३, शुक्र.
कॉलेज बंद, म्हणून बाटली घरी आणली. झायलीनच्या द्रावकात विरघळवलेलं पॉलिथीन गार होऊन पेजेसारखं गढूळ. पुन्हा तापवायला घरची चूलच. पण आत्या ओलेत्यानं, सोवळ्यात, तिच्या शब्दात ‘मडीत’.
‘बाटली चुलीकडे आणूं नको! तिथं पोंगलचा भात शिजणार. अस्के मडी जाईल, सगळं बाटेल!’
भांडले. रागारागानं ती पेजच काचेला फासली, अंगणात ठेवली. जेवणार नाही म्हटलं. मग मुरुक्कूच्या चकल्या खाल्ल्या.

१४, शनि. पोंगल!
कोलमची रांगोळी घालण्याआधी आत्या अंगणात सडा घालत होती. थेंब माझ्या पांढऱ्या काचेवर पडले आणि घरंगळले! कमळाच्या पानावरून जावे तसे. बोट लावलं, पिठासारखं खरखरीत. पदार्थ तोच! गार पेजेतून बारीक खडबडीत कण बसले. थेंब त्यांच्या टोकांवर उभा, खाली हवा. मी उगाच चकाकीमागे...
किंचाळले. आत्याला वाटलं विंचू.
‘आत्या, तुझ्या मडीनं झालं गे!’
‘मग? मडी म्हणजे काय समजलीस?’
गोड पोंगल दोनदा घेतला.

१९, गुरु.
प्रोफेसरांनी स्वतःची कॉफी ओतून पाहिली. तीही घरंगळली! पोटभर हसले. मग बोट घासलं, पूड निघाली, तिथं पाणी चिकटलं. माझा चेहरा पडला. म्हणाले, ‘टिकवायचं कसं ते मद्रासला येऊन शोधा. आधी घरी विचारा.’
जागा मिळाली!! नाना विड्याचं पान पुसत राहिले. आत्या चुलीकडे वळली.

२१, शनि.
दुपारी आत्याला पकडलं. पळीनं काचेवर पाणी सोडत एकटीच हसत होती. मला पाहून तोंड वळवलं.
‘मद्रासांत चूल कोण पाहील? तूं तिच्यावर ती बाटली ठेवशील.’
‘तू चल ना पाहायला.’
ती पळी धुवायला उठली.
संध्याकाळी प्रवासाचा तांब्या चिंचेनं घासत बसलेली. आत्या आजवर शेजारच्या तिरुनागेश्वरमच्या पुढे गेलेली नाही. विचारलं, कुठं निघालीस?
‘कुठं नाही. चिंच उरली होती.’