थोरल्या नणंदेचा उतारा

३ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा वाकले तेव्हा डोक्यावरचा पांढरा रुमाल घसरून डोळ्यांवर आला आणि मी आपांऐवजी, म्हणजे सासूऐवजी, चुलीलाच वाकून मोकळी झाले. सगळे हसले. आपाही हसल्या. म्हणाल्या, असू दे, घरात चूल मोठी, सासू नंतर. मग माझ्या तोंडात लोण्याचा गोळा घातला.

सासरे नाहीत. आपा, माझा नवरा एर्मेक, धाकटी नणंद आयजादा, आणि शेजारच्या घरात काकासासरे. ते म्हणाले, सून उंच आहे, आता छपराची गळती शिडीशिवाय बघता येईल. आयजादा म्हणाली, बरं झालं, तुम्ही चढला असतात तर शिडीच गेली असती. मला ती जेने म्हणते, म्हणजे वहिनी, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी म्हणते. याच महिन्यात तिच्या सासरचे येऊन तिच्या कानात डूल घालतील. मग लग्न पक्कं. आरशासमोरून हलत नाही.

डोंगरावर बर्फ उतरलाय. मला इथं आवडेल.

७ ऑक्टोबर

कामं अंगवळणी पडली. सकाळी शेणी पेटवायची, समोवार ठेवायचा, सगळ्यांना चहा द्यायचा. कप अर्धाच भरायचा. आपा रोज सुपाचा वाडगा घेऊन मेंढवाड्याकडं जातात आणि रिकामा घेऊन येतात. आज त्या घरी नव्हत्या आणि तिकडून हाक आली. शब्द कळला नाही, पण हाक माणसाची होती. मी गेले.

मेंढवाड्यामागच्या गवताच्या खोलीत एक बाई बसली होती. घोड्यांच्या पायात अडकवतात ती लोखंडी बेडी तिच्या घोट्यात, साखळी खांबाला. नाक एर्मेकचं. तिनं माझ्या रुमालाचं टोक धरलं आणि विचारलं, नवी सून का? अगदी नीट विचारलं.

थोरली नणंद. झूरा. सासरच्या मोठ्यांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. लिहायला हरकत नसावी.

८ ऑक्टोबर

एर्मेकला विचारलं. शाळेत फळ्यासमोर फिट येऊन पडली, म्हणाला, तेव्हापासून घरात. मी म्हटलं, माझ्या मावशीलाही फिट यायच्या. तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात. मावशी आता गाई राखते, नातवंडं सांभाळते. तो म्हणाला, दवाखान्यात नाव लागलं की संध्याकाळी गावभर. मग आयजादाला कोण नेईल? तिचं लग्न होऊ दे, मग बघू. थोड्या वेळानं आपणच म्हणाला, आपल्या लग्नाआधीही आपा हेच म्हणाल्या होत्या.

बुधवारी तालुक्याला दुधाची गाडी जाते. आजची गेली, पुढच्या बुधवारी मी झूराला घेऊन जाणार. कुणाला सांगणार नाही.

११ ऑक्टोबर

बेडीखालची जखम धुतली. आत अळ्या होत्या. आयजादानं चोरून गरम पाणी आणून दिलं. मी केस विंचरत होते तेव्हा बहिणीला म्हणाली, एजे, या केसांत कोंबडी बसवली असती तर आत्तापर्यंत पिल्लं निघाली असती. झूरा खूप हसली.

मागं वळून पाहिलं तर आपा दारात. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, शेवटी लावलासच हात.

१३ ऑक्टोबर

आपांनी भूतबाधा झाडणारी बाई बोलावली. काकासासऱ्यांनी काळा बोकड कापला. फुप्फुसं नळीसकट ओढून काढली, त्यांतून वाफ येत होती. बाईनं नळी मुठीत धरली आणि त्या फुप्फुसांनी झूराला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, छातीवर, तोंडावर. प्रत्येक फटक्याला त्यांतून हवा सुटे, बोकड अजून काही सांगत असल्यासारखी. झूराला फिट आली. काकासासरे तिच्या पायांवर बसले. फुप्फुसं फाटली तेव्हा बाईनं चाबूक मागून घेतला. झूराचे दात गवतात पडले.

मी मध्ये पडले. एर्मेकनं मला मागून धरलं आणि कानात म्हणाला, असं नको करू, सगळे बघतायत.

बाई दमून बसली, चहा मागितला. म्हणाली, बोकडात जात नाही, त्याला माणूस हवं. हिला हात लावलेलं. घरात नवं असेल तर वाट सोपी. बोलताना ती कपाकडं बघत होती. बाकीचे माझ्याकडं.

१५ ऑक्टोबर

हातून कप पडला. कुणी रागावलं नाही. एकमेकांकडं पाहिलं. मी म्हटलं, हात ओला होता. आपा गोड आवाजात म्हणाल्या, हो गं, ओलाच होता.

आज बुधवार. काकासासरे फाटकात बसलेत, चाबकाला नवी वादी लावतायत. मी म्हटलं, माहेरी जाऊन येते. आपा म्हणाल्या, बरं वाटल्यावर जा. मला काय झालंय, असं मी विचारलं. मोठ्यानं विचारलं. आयजादानं तोंडावर हात धरला.

रडले तर खूण. गप्प बसले तर खूण. एर्मेक वेगळा झोपतो—

१७ ऑक्टोबर

आम्हा दोघींना पाठीला पाठ लावून बांधलं. मारायचं तिला, उतरायचं माझ्यात. चाबूक, मग काठी. प्रत्येक फटका तिच्या हाडांतून माझ्या पाठीत—तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ती हलेना. मी थरथरत होते. बाईनं माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, बघा, उतरलं.

कुणीतरी देवाचे आभार मानले.

दोर सोडला तशी पळाले. फाटकापर्यंत. काकासासऱ्यांनी मेखा ठोकायच्या हातोड्यानं गुडघा—

बेडी तिच्या पायातून काढली. माझ्या घातली. वही कपड्यांत होती, ती राहिली. तिला गवतानं झाकलंय. उद्या डूल घालायला येणार आहेत, ते गेले की पुरू, असं एर्मेक म्हणाला. माझ्याकडं न बघता—

१८ ऑक्टोबर

सकाळी पाहुणे आले. गाणं झालं. आपांनी सांगितलं, सून माहेरी गेलीय.

नवऱ्या मुलाची आई आडोशाला म्हणून मागं आली. मी फटीतून बोलले. ओरडले नाही. उपेल माझं नाव, म्हटलं. बापाचं गाव सांगितलं. गुडघा फुटलाय, गवताखाली थोरली मेलेली आहे, दवाखान्यात कळवा. शहाण्या माणसासारखं बोलले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हळू बोल बाळा, घसा बसेल. आमची पण अशीच बोलते, अगदी नीट.

मग तिनं दाराची कडी हलवून पाहिली. आपा धावत आल्या. ती त्यांना म्हणाली, विहीणबाई, नुसत्या कडीनं भागत नाही, आम्ही कुलूप लावतो. आपा म्हणाल्या, कधी बोलला नाहीत ते. ती म्हणाली, तुम्ही तरी कुठं बोललात? आपा रडायला लागल्या. दोघी बराच वेळ गळ्यात गळा घालून उभ्या होत्या.

डूल घातले. आयजादाचं हसणं इथपर्यंत आलं. गाडी गेली.

आपा येतायत. हातात कुलूप आणि