घडीतली चिठ्ठी

भाऊबीज, संध्याकाळ

यंदा सेलमधून एकही साडी आणायची न्हाई, हे ठरवलंच होतं. आहेरात आलेल्या साड्यांनी कपाट भरलंय, एकीचीही घडी मोडलेली न्हाई. त्यातलीच हिरवी नणंदबाईंना दिली. कोणती कोणी दिली ते कळावं म्हणून घडीत नावाची चिठ्ठी ठेवते मी. नेमकी तीच काढायची राह्यली!

त्यांनी चिठ्ठी वाचली. "वहिनी, ही तर मीच दिल्ती."

सासूबाई म्हणाल्या, "सेल चालू हाय ना? जा, जल्दी नवी आण."

गेले. नवीन जालन्यातल्या दुकानात एकीवर एक फुकट. एक नणंदबाईंना दिली. हिरवी परत कपाटात, तिच्यावर ही फुकटातली. हिच्या चिठ्ठीवर नाव कोणाचं टाकू? बराच वेळ पेन धरून बसले. मंग माझंच टाकलं.