वासंतीची तुरटी

रविवार, ५ जानेवारी
आईने घात केला! खाडीच्या पाण्यात तुरटी फिरवताना रंगेहाथ पकडलं. "अगं, केवढं ते गढूळ! म्हटलं, स्वच्छ होईल."

रविवारी लॅब बंद, म्हणून शनिवारच्या भरतीच्या बाटल्या खोपटला घरी, ओट्याखाली ठेवते. वर्षभर ठेवतेय. आणि आज ही! ओरडले. जरा जास्तच ओरडले.

सुधीर सरांनी शेवटची संधी दिलीय — खाडीतल्या जीवाणूंना विषाणू मारतात हे या आठवड्यात दाखव, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढ. "जीवाणूंना एकपेशीय प्राणी खातात. तुझ्याच पहिल्या प्रकरणात आहे की!" आहे खरं. याच बाटल्यांतून मोजलेलं: गाळलेल्या पाण्यात खाणारे नाहीत, तिथे जीवाणू वाढले. न गाळलेल्यात निम्मे झाले. सरांचा लाडका तक्ता!

सोमवार, ६
बाटली ओतूनच देणार होते. तळाशी पांढरट साका. तुरटीला चिखल चिकटतो, मग विषाणू का नाही चिकटणार? साका विरघळवला, जीवाणू अडकतील पण विषाणू निसटतील अशा बारीक फिल्टरमधून काढला, जीवाणूंनी भरलेल्या प्लेटवर थेंब सोडले.

मंगळवार, ७
भोकं!! जीवाणूंच्या दुधट थरात स्वच्छ, गोल भोकं! रिक्षात एकटीच हसत होते.

बुधवार, ८
सर: "तुरटीने मेले असतील." झालं!

पण तुरटी वाढत नाही, विषाणू वाढतो. एका भोकातलं टाचणीच्या टोकाएवढं उचललं, नव्या प्लेटवर लावलं. तिथून उद्या तिसऱ्या. बघू, तुरटी कुठवर पुरते!

शुक्रवार, १०
तिसऱ्या प्लेटवर पहिलीपेक्षा जास्त भोकं! जिंकले! सर चष्मा काढून बघत राहिले. "प्रकरण ठेव," म्हणाले. मग हळूच, "माझं चुकलं." विषाणूचं नाव ठेवलं वासंती. आई म्हणाली, "बाई गं, रोगराईला माझं नाव!" आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली.

सोमवार, १३
आई तिळाचे लाडू वळत होती. विचारलं, प्रबंधात लिहायचंय, तुरटी किती फिरवलेलीस?

"नेहमीएवढीच."

"नेहमी?"

"दर रविवारी फिरवते की! गढूळ असतात त्यांतच हं. तू गाळून आणतेस त्यांना हातसुद्धा लावत नाही."

पहिल्या प्रकरणातले जीवाणू कुणी खाल्लेच नव्हते. आईने तळाशी बसवले होते.